न जळणाऱ्यांचा बुधवार

नागोयातल्या आमच्या इमारतीत जगाचे दोनच भाग होते, जळणारं आणि न जळणारं. जिन्याखाली पत्रपेट्यांशेजारी हत्तोरी-साननी स्वतः रंगवलेला फलक लावलेला असे. जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, न जळणारा बुधवारी. इमारत परदेशी संशोधकांची, तेव्हा अक्षरांवर भरवसा न ठेवता त्यांनी चित्रंही काढली होती. एका बाजूला माशाचा काटा, कागद, भाजीची सालं. दुसऱ्या बाजूला पत्र्याचा डबा, फुटका कप, बल्ब. हत्तोरी-सान इमारतीची देखरेख करायच्या. चुकीची पिशवी दिसली की त्या ती उचलून ज्याची त्याच्या दाराशी आणून ठेवायच्या, न रागावता, गाठ नीट मारून. ती गाठ बघूनच माणूस ओशाळायचा. माझी आई जपानी शिकली ती या फलकावरून. मोएरु म्हणजे जळणारं, मोएनाई म्हणजे न जळणारं. नमस्कार-चमत्कार तिला पुढे कधीतरी जमले, हे दोन शब्द पहिल्याच आठवड्यात पाठ झाले.

तळमजल्यावरच्या ग्लेब योसिफोविचना मात्र हा फलक मुळीच मान्य नव्हता. ते पदार्थविज्ञानाचे माणूस, आणि उभा जन्म त्यांनी एकाच गोष्टीचा अभ्यास केला होता: आग कशी चालते. सोव्हिएत देशात केला होता, आणि तो देश आता नकाशावरून पुसला गेला होता. साठी उलटलेली, भुवया पांढऱ्या आणि झुबकेदार, उन्हाळ्यातसुद्धा अंगात तपकिरी कोट. बाबा विद्यापीठाच्या ज्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते, तिथल्या मुख्य प्रोफेसरसाहेबांनी यांनाही दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. आईला 'योसिफोविच' झेपेना, म्हणून ती त्यांना ग्लेबकाका म्हणायला लागली. मग सगळेच म्हणायला लागलो.

तर या ग्लेबकाकांनी भांडी घासायची लोखंडी घासणी मंगळवारच्या पिशवीत टाकली. हत्तोरी-साननी पिशवी परत आणून ठेवली. काकांनी शुक्रवारी पुन्हा तीच टाकली. पुन्हा परत आली. पुढच्या मंगळवारी ते कचऱ्याच्या जागेवर स्वतःच उभे राहिले, दुभाष्या म्हणून बाबांना अंघोळीतून ओढून आणलं होतं, आणि हत्तोरी-सान येताच त्यांनी घासणी उसवून काडी लावली. लोखंड पेटलं. तारांतून ठिणग्या सरसरत गेल्या आणि मागे काळा भुगा उरला. "सगळं जळतं," ग्लेबकाका इंग्रजीत म्हणाले, "फक्त त्याला नीट विचारता आलं पाहिजे." बाबांनी मान खाली घालून त्याचं जपानी केलं. हत्तोरी-साननी वाकून तो भुगा पाहिला, अगदी मन लावून पाहिला, आणि म्हणाल्या, "खरंच जळतं की. पण बुधवारी." आई गॅलरीतून हे बघत होती. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

बाबा हसले नाहीत. वर आले, डोकं पुसलं आणि म्हणाले, "आपण इथं पाहुणे आहोत. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं." हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं जायचं की भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल. जिन्यात मोठ्यानं बोलू नका, पाहुणे आहोत. फोडणी दारं लावून कर, पाहुणे आहोत. शाळेत शिक्षकांना उलट प्रश्न विचारू नकोस, पाहुणे आहोत. बाबा भित्रे नव्हते. हुशार होते, कष्टाळू होते, आणि दरवर्षी त्यांच्या नोकरीचा करार पुन्हा व्हायचा की नाही हे एका माणसाच्या मनावर होतं. अशा माणसाची मान हळूहळू एका बाजूला कलते, ती कायमचीच. हे मला आता कळतं. तेव्हा मला नुसता संताप यायचा.

घर म्हणजे दोन खोल्या, एकीत तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, दुसरीत टेबल आणि गॅस. सकाळी शेजारीण गॅलरीत गादी धोपटायची तो धपधप आवाज, संध्याकाळी पाचला लाउडस्पीकरवरची धून, आणि थंडी पडली की रॉकेलच्या गाडीचं गाणं. ते ऐकू आलं की मी डबा घेऊन खाली पळायचे. आमच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह होता, त्यावर सदोदित किटली. दर रविवारी ग्लेबकाका जेवायला यायचे आणि आधी त्या स्टोव्हपाशी उकिडवे बसायचे. ज्योतीकडे नुसतं बघायचे नाहीत, कान लावून ऐकायचे. "पिवळी झाली आहे. उपाशी आहे बिचारी," म्हणायचे, आणि वात काढून साफ करून द्यायचे. स्टोव्ह दुरुस्त करून दिल्याशिवाय ते जेवायला बसलेले मला आठवत नाहीत.

तूरडाळ कोबे शहरातल्या एका भारतीय दुकानातून पार्सलनं यायची, आणि मेतकूट पुण्याहून आजी पाठवायची. जपानी तांदळाच्या नावानं आमच्याकडच्या बायका बोटं मोडत, चिकट, गिचका म्हणत. पण गुरगुट्या भातासाठी तसा तांदूळ त्रिभुवनात नाही. आई बिनमिठाचं लोणी कढवून तूप करायची. भात, मेतकूट, तूप आणि लिंबाचं लोणचं. ग्लेबकाका डोळे मिटून जेवायचे. लहानपणी त्यांना आजारपणात असंच काहीतरी मऊ मिळायचं म्हणे. आई वाढताना म्हणायची, "अहो काका, संकोच करू नका," आणि ते मराठीतच उत्तर द्यायचे, "नाही करत." तेवढं एक वाक्य त्यांना अस्सल यायचं.

त्यांचं आयुष्य मला असं रविवारी-रविवारी तुकड्यांनी कळलं, इंग्रजीत, मधूनमधून हातवाऱ्यांत. वडील पावाच्या भट्टीवर कामाला. एके दिवशी त्यांना घेऊन गेले ते परत आलेच नाहीत, आणि का नेलं ते घरात विचारायचीही चोरी. मग लढाई, मावशीबरोबर पूर्वेला पळून जाणं. अशा बापाच्या पोराला मोठ्या विद्यापीठात कोण घेणार. दिवसा काचेच्या कारखान्यात भट्टीत कोळसा सारायचा आणि संध्याकाळच्या वर्गांना बसायचं. "इतरांना अणू हवे होते, तारे हवे होते. धूर कुणालाच नको होता. तो मला मिळाला," असं ते सांगायचे, आणि त्यात रडगाणं नसायचं, उलट टेचातच सांगायचे. पुढे ज्या गावात त्यांना नेमलं त्याला नाव नव्हतं, नुसता टपालाचा आकडा होता. तिथं जे शोधायचं ते कपाटात बंद व्हायचं. लग्न तिथंच, मुलगी तिथंच झाली, बायको तिथंच गेली. मग देश मोडला आणि पगाराऐवजी साखरेची पोती मिळायला लागली. "साखर पण फार छान जळते," ते म्हणाले. आईनं त्यांच्या पानात आणखी तूप वाढलं.

एका रविवारी त्यांनी खिशातून बोटाएवढी करडी कांडी काढून माझ्या हातावर ठेवली. धातूची पूड दाबून दाबून तिची कांडी करायची आणि एका टोकाला पेटवायची. ज्वाळा नाही, धूर नाही. नुसती एक लालबुंद रेघ कांडीतून पुढे सरकत जाते आणि मागे दगडासारखा कठीण पदार्थ राहतो. प्रयोगशाळेत बाबा आणि ते हेच करत होते. पण या कांडीवर, भोवऱ्याला दोरी गुंडाळावी तसे, वरपासून खालपर्यंत वळसे होते. "आग सरळ चालत गेली नाही," ते म्हणाले, "गोल फिरत फिरत उतरली. तिला तसंच जायचं होतं."

हे त्यांनी तरुणपणी त्या बिननावाच्या गावात पहिल्यांदा पाहिलं होतं. वरिष्ठांची समिती बसली आणि म्हणाली, पूड नीट दाबली गेली नाही, नमुने खराब आहेत. यांनी वर्षभर भांडण केलं. मग मुलगी लहान होती, बायको आजारी होती, यांनी मान्य केलं की हो, खराब आहेत. पुढे वीसेक वर्षांनी दुसऱ्याच लोकांना तेच वळसे दिसले, त्यांनी छापले आणि त्यांचं नाव झालं. "अशू," ते मला म्हणाले, "मी एक वर्ष बरोबर होतो आणि वीस वर्षं सभ्य होतो. त्या वीस वर्षांचं काय करायचं ते मला अजून कळत नाही."

आणि आता नागोयात पुन्हा तेच. प्रोफेसरसाहेबांना सरळ जळलेल्या कांड्या हव्या होत्या, कारण त्यांचं गणित सरळ आगीचं होतं. वळशांच्या कांड्या म्हणजे हलगर्जी. त्या बाजूला काढून न जळणाऱ्या कचऱ्याच्या पेटीत टाकायचं काम बाबांकडे होतं. बाबा टाकायचे. ग्लेबकाका रोज त्या पेटीतून उचलून खिशात भरून घरी आणायचे. त्यांच्या खिडकीत कांड्यांची रांग लागली होती. बाबांशी मात्र ते कधी त्यावरून वाकडं बोलले नाहीत. जेवताना दोघं त्या विषयाला हातच लावायचे नाहीत, आणि त्यामुळे तो विषय सतत ताटात असायचा.

त्याच शरदात माझ्या शाळेत वाट निवडायची वेळ आली. मी सतरा वर्षांची, जपानी सरकारी हायस्कुलात. शेवटच्या वर्षाला एक तर विज्ञानाकडे जायचं, नाहीतर भाषांकडे, आणि एकदा गेलं की फिरायचं नाही. मला पदार्थविज्ञान हवं होतं. दुसरं काहीही नको होतं. मला गणितं यायची, पण प्रश्न वाचायलाच वेळ लागायचा; चित्रलिपीची ती रांग माझ्यासमोर भिंत होऊन उभी राहायची. माझ्या वर्गशिक्षिका मिझुनो-सेन्सेई, शांत, मनानं खरंच चांगल्या बाई. त्यांनी बाबांना फोन केला. मुलीचं इंग्रजी उत्तम आहे, भाषांच्या बाजूला घाला, शिफारशीवर चांगल्या महिला विद्यापीठात जाईल; विज्ञानाचा तिचा पिंड नाही, उगाच हाल होतील. बाबा फोनवर वाकून वाकून आभार मानत होते. ठेवला आणि म्हणाले, "झालं. छान सोय होतेय तुझी."

"मला सोय नकोय," मी म्हणाले.

"अशू, ते लोक आपल्या भल्याचं सांगतायत. आपण इथं पाहुणे..."

मी दार आपटून खाली गेले. आमच्या घरात दार आपटायची ती पहिलीच वेळ, आणि जपानी सरकतं दार धड आपटतही नाही, तेवढीच फजिती. ग्लेबकाकांच्या स्वयंपाकघरात बरणीत कोबी आंबत ठेवलेला असायचा, त्याच्या वासात मी बसून रडले. त्यांनी समजूत घातली नाही. एक वळशांची कांडी दिली आणि म्हणाले, "रड, पण मान्य करू नकोस. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

शेवटचा निर्णय तिघांच्या भेटीत व्हायचा: शिक्षक, पालक, विद्यार्थी. तशी पद्धतच आहे इथं. त्या दिवशी बाबांच्या प्रयोगशाळेत पाहुणे होते म्हणून आई आली. बाबांनी तिला सकाळी पढवून ठेवलं होतं: त्या सांगतील त्याला हो म्हण, वाक, घरी ये. आईनं बेसनाचे लाडू घेतले होते. मिझुनो-सेन्सेईंनी दोन्ही हात पुढे करून ते नाकारले, सरकारी शाळेत काही घेता येत नाही, क्षमा करा. आईचा चेहरा पडला. इथूनच आमची हरायला सुरुवात झाली असं मला वाटलं. रिकाम्या वर्गात तीन बाकं जोडलेली, खिडकीबाहेर बेसबॉलवाल्या मुलांचा ओरडा, आणि सेन्सेई सावकाश, सोप्या शब्दांत समजावत होत्या. प्रत्येक वाक्याला आई मान हलवत होती. मी म्हणाले, "मला विज्ञानच घ्यायचंय." सेन्सेई माझ्याकडे हसून, समजुतीनं बघत आईकडे वळल्या. आईचं काय म्हणणं आहे?

माझी आई रसायनशास्त्राची पदवीधर. पुण्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना प्रात्यक्षिकं दाखवायची, आणि बाबांची नेमणूक झाली तशी राजीनामा देऊन आली. इथं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं की तुम्हाला काय येतं. आम्हीही नाही. त्या क्षणी तिच्या मनात काय चाललं होतं मी पुढे किती वेळा विचारलं, तर म्हणायची, "काही नाही गं, शब्द शोधत होते." ते तिला सापडले ते जिन्याखालच्या फलकावरचे. तिनं पर्स टेबलावर ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सेन्सेई. मुसुमे, मोएनाई, चिगाइमासु." मुलगी, न जळणारी, चूक. मग तिला वाटलं एवढ्यानं पुरेसं झालं नसेल, म्हणून सेन्सेईंच्या डोळ्यांत बघून पुढे म्हणाली, "मोएरु. झेत्ताइ मोएरु." जळणारी आहे. नक्की जळणारी.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आई माझ्या शिक्षिकेशी कचऱ्याच्या भाषेत बोलत होती. सेन्सेई तोंडावर हात ठेवून हसल्या, मग हसायच्या थांबल्या. आई हसत नव्हती. ती तिथं अशी बसली होती की आता तिला उठवायचं तर टेबलासकट उचलावं लागलं असतं. सेन्सेईंनी मला विचारलं, "प्रवेश परीक्षेत नापास झालीस तर?"

"पुन्हा बसेन," मी म्हणाले.

"कारान्दिकारु-सान," माझं आडनाव त्या नेहमी असं तोडून तोडून घ्यायच्या, "पहिल्यांदा बहुतेक होशीलच." आणि त्यांनी माझ्या नावापुढे विज्ञान लिहिलं.

परत येताना भुयारी रेल्वेत आम्ही दोघींनी लाडू खाल्ले, या देशात गाडीत कुणी खात नाही तरी. घरी आल्यावर आईनं शिरा केला आणि ग्लेबकाकांना वर बोलावलं. मी सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. ते शिरा खात म्हणाले, "छान. आता माणसांनी तुला नाही म्हणायचं थांबवलं. यापुढे पदार्थविज्ञान नाही म्हणेल. ते जास्त प्रामाणिक असतं."

बाबा संध्याकाळी आले तेव्हा त्यांना कळलं. चिडले, फार चिडले. जेवले नाहीत. "मी त्यांना शब्द दिला होता," आईला म्हणाले. "काय वाटलं असेल त्यांना? आपण इथं पाहुणे आहोत, तुला कितीदा सांगायचं?"

आई ओटा पुसत होती. वळली नाही. "मग पाहुण्यासारखं तरी वागा," म्हणाली. "पाहुणा दुसऱ्याच्या घरात स्वतःच्या मुलीला कचऱ्यात टाकत नाही."

बाबा उठून गॅलरीत गेले. ग्लेबकाकांना मराठी कळत नव्हतं, पण तेही उठून चुपचाप खाली गेले. दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

त्या बुधवारी बाबांनी काय केलं ते मला पुढे ग्लेबकाकांनीच सांगितलं, बाबांनी कधीच नाही. प्रयोगशाळेतली न जळणाऱ्याची पेटी सकाळी खाली न्यायची होती. बाबांनी ती उचलली आणि खाली नेण्याऐवजी प्रोफेसरसाहेबांच्या खोलीत नेली. वळशांच्या कांड्या त्यांच्या टेबलावर एकेक करून मांडल्या आणि म्हणाले, हे नमुने खराब नाहीत, पूड मी स्वतः दाबली आहे, आणि अहवालात हे नसतील तर माझं नाव घालू नका. वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले. ग्लेबकाका म्हणत, त्यांनी आयुष्यात बरेच स्फोट पाहिले, पण इतका शांत एकही नाही.

त्या वळशांवरचा निबंध शेवटी एका रशियन नियतकालिकात आला, ग्लेबकाका आणि बाबा, दोनच नावं. फारसा कुणी वाचला नाही. मी वाचलाय, आजही वाचते. माझ्या स्वतःच्या कामात त्यातली एक आकृती अजून लागते. मी पहिल्यांदा नापास झाले, सेन्सेई म्हणाल्या तशी, आणि दुसऱ्यांदा पास झाले. आता इथंच जपानात, ग्योतोकुतल्या माझ्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीत ती कांडी आहे. माझा मुलगा मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देतो, आणि कचरा काढताना दर वेळी विचारतो, हे बुधवारचं ना? मी म्हणते, हात लावशील तर याद राख.

ग्लेबकाका वसंतात मुलीकडे परत गेले. बाबांचा करार त्या वर्षी पुढे झाला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. खोकी बांधली, पुण्याला जायचं ठरलं. आईनं मला विचारलं, मी तुझं काय करू? मी म्हणाले, मी येणार नाही. हत्तोरी-साननी आपल्या माळ्यावरची खोली मला द्यायचं कबूल केलं होतं, कचरा मी न्यायचा या अटीवर. मला खात्री होती की बाबा नाही म्हणतील. शेवटच्या रात्रीच्या जेवणाला मेतकूट-भातच होता. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला, कालवला, आणि भातावरून नजर न उचलता म्हणाले, "राहू दे तिला इथं. पाहुणे आपण होतो. ती नाही."